पटाशीची मूठ सैल का होते?

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीने दांड्याच्या वाट्याला कायमची बदनामी आणली आहे. आपल्याच गोतावर उठणारा, असा त्याच्यावर ठपका. मात्र तो दांडा कुऱ्हाडीच्या डोळ्यात बसतो कसा, टिकतो किती आणि निसटतो कधी, याची चौकशी म्हणी करीत नाहीत. ती चौकशी शेतकरी करतो, सुतार करतो आणि कातारी तर सर्वांहून अधिक बारकाईने करतो. कारण त्याच्या हातातले हत्यार ज्या लाकडाला टेकते, ते लाकूड स्वतःच गरगर फिरत असते. मूठ निसटली तर चूक सुधारण्यासाठी त्याला क्षणाचाही अवधी मिळत नाही.

कातारी म्हणजे लाकूड फिरवून घडविणारा कारागीर. मराठीने सूत काढण्याला आणि लाकूड फिरवून घडविण्याला ‘कातणे’ हे एकच क्रियापद दिले, यातही मोठे औचित्य आहे. दोन्हीकडे फिरते ते चाक आणि हाताला लागते ती एकतानता. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, वाड्याच्या जिन्याचे कठडे, देव्हाऱ्याचे स्तंभ, ताक घुसळण्याची रवी, पोळपाटावरचे लाटणे, मुलांचे भोवरे, या साऱ्या कातीव वस्तू. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची लाखकाम केलेली फळे आणि खेळणी ही याच विद्येची देखणी शाखा. आज हाताने दोरी ओढून फिरवायच्या यंत्राची जागा विजेच्या लेथने घेतली आहे, आणि निवृत्तीनंतरचा छंद म्हणून घराच्या पडवीत लेथ मांडणारे हौशी लोकही पुण्या-मुंबईकडे दिसू लागले आहेत. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक.

लोणावळ्याजवळच्या औंढे गावी आमच्या पडवीत असा एक छोटा लेथ आहे. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात माझी सर्वांत मोठी गोल पटाशी मुठीत डुगडुगू लागली. शेजारी भातशेती करणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी पाहिले आणि सहज सांगितले, ‘‘रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी दगडासारखी घट्ट होईल.’’ त्यांची कुदळ, फावडे, कुऱ्हाड सगळे याच उपायाने चालत आले होते. मी पटाशीची मूठ बादलीत उभी केली. सकाळी ती खरोखरच दगडासारखी घट्ट झाली होती. पुढे वैशाखात एक वाडगा कोरताना पटाशीचे टोक लाकडात रुतले, मूठ गळ्यापाशी उभी चिरली, आणि पात्याचे मागचे टोक तळहातात घुसले. तीन टाके पडले. शेजाऱ्यांचा सल्ला चुकीचा नव्हता; तो कुदळीसाठी होता आणि मी तो पटाशीला लावला होता.

कुदळ आणि पटाशी यांच्यातला फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. कुऱ्हाड, कुदळ, फावडे, हातोडी, वाकस या हत्यारांत लोखंडाला डोळा असतो आणि त्या डोळ्यात लाकूड बसते. बाहेर लोखंड, आत लाकूड. विळा, खुरपे, सुरी, कानस आणि पटाशी यांत नेमके उलटे असते. पात्याला मागे एक निमुळते शेपूट असते, ते लाकडाच्या भोकात बसते. बाहेर लाकूड, आत लोखंड. लोखंड पावसाळ्यात फुगत नाही आणि उन्हाळ्यात आक्रसत नाही. लाकूड दोन्ही करते. त्यामुळे ज्या ऋतूत कुदळ घट्ट होते, त्या ऋतूत पटाशी सैल होते, आणि ज्या ऋतूत कुदळीचा दांडा निसटतो, त्या ऋतूत पटाशीची मूठ तडकते.

येथे अनेकांचा गोंधळ होतो. लाकूड फुगले तर त्यातले भोक लहान होईल, अशी आपली सहज समजूत असते. प्रत्यक्षात लाकडाचा मोकळा तुकडा सर्व बाजूंनी फुगतो, तेव्हा त्यातले भोकही मोठे होते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार ती लालभडक तापवितो, हे जुन्या पिढीने पाहिले असेल. तापल्यावर लोखंड प्रसरण पावते, म्हणून धावेची आतली पोकळी लहान होत नाही. मोठी होते आणि चाक त्यात अलगद बसते. ओल्या हवेतील मुठीचेही तसेच. भोक किंचित रुंदावते आणि शेपूट डुगडुगू लागते.

मग पाण्यात ठेवल्यावर ती घट्ट का झाली? कारण मुठीच्या तोंडाशी धातूची कडी असते. मूठ फाटू नये म्हणून तिच्या गळ्याभोवती पितळी किंवा लोखंडी कडे बसवितात. मुसळाच्या टोकाला असते त्याच जातीचे. या दोन-अडीच सेंटिमीटरच्या भागात लाकूड दोन धातूंच्या कचाट्यात सापडते: बाहेर कडी, आत शेपूट. पाणी पिऊन ते फुगू पाहते. बाहेर जागा नाही म्हणून आत सरकते, शेपटावर आवळते आणि तेथेही जागा नाही म्हणून त्याच्या पेशी चेपल्या जातात. ही चेप कायमची असते. उन्हाळ्यात लाकूड सुकले की त्याची जाडी पूर्वीपेक्षाही कमी भरते. कडी गळ्यावर सैल होते. डोळ्यांना काही दिसत नाही, कारण कडी जागच्या जागीच असते. पण आता ती केवळ दागिना उरलेली असते. त्या वेळी पटाशीला झटका बसला, की शेपूट पाचरीचे काम करते आणि मूठ चिरते. माझ्या मुठीचे हेच झाले.

कुदळीच्या बाबतीतही पाण्याचा उपाय तात्पुरताच असतो, हे सांगायला हवे. दरवेळी भिजविले की डोळ्यातले लाकूड थोडे अधिक चेपले जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात दांडा अधिकच सैल होतो. मात्र कुदळीत पाचर मारून वेळ निभावता येते. पटाशीच्या भोकात पाचर मारणे म्हणजे मूठ फोडायला आपणच मदत करणे.

मावळात हा प्रश्न कोरड्या मुलुखापेक्षा अधिक तीव्र आहे. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच. जुलै-ऑगस्टमध्ये धुके घरात शिरते, कपडे वाळत नाहीत, पेटीतल्या हत्यारांवर गंज चढतो. अशा हवेत छपराखाली ठेवलेल्या लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या अठरा-वीस टक्क्यांपर्यंत चढते. एप्रिल-मेमध्ये तेच आठ-नऊ टक्क्यांवर उतरते. दहा टक्क्यांच्या या फरकाने लाकूड आडव्या दिशेला, जात पाहून, दोन ते अडीच टक्के आक्रसू शकते. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या मुठीच्या गळ्यात हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा होतो. कडीची घट्ट बसणी मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागावर अवलंबून असते, हे लक्षात घेतले म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची किंमत कळेल.

शिवाय लाकूड सर्व दिशांना सारखे आक्रसत नाही. वर्षवलयांच्या कडेने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच वलयांना छेदून केंद्राकडे आक्रसते. लांबीत तर जवळजवळ नाहीच. म्हणून गोल गळा एक-दोन वर्षांत किंचित लंबगोल होतो. जुन्या मुठीवर बोट फिरविले तर हे जाणवते. भोकही लंबगोल होते आणि शेपूट दोनच बाजूंना टेकून राहते.

औंढ्याहून पलीकडे भाजे आणि कार्ले येथे चैत्यगृहांच्या कमानदार छताला सागवानी फासळ्या लावलेल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक मूळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. कार्ल्याच्या दर्शनी भागावरील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या ‘वढकी’ने, म्हणजे सुताराने, दार घडविल्याची नोंद आहे. दगडात लाकूड बसविणे हे कुदळीच्या जातीचे काम. बाहेर न हलणारा पदार्थ, आत हलणारा. पण तेथे दोन गोष्टी त्यांच्या पथ्यावर पडल्या. लाकूड सागाचे होते आणि ते डोंगराच्या पोटात, ऊन-पावसाच्या थेट माऱ्यापासून दूर राहिले. आपल्या पडवीतल्या मुठीला ते भाग्य लाभत नाही. ज्या हातांनी त्या फासळ्या घडविल्या, त्यांच्या वाकसांना आणि पटाश्यांनाही मुठी असणारच. त्या कुजून गेल्या. कोणत्या लाकडाच्या होत्या, हे जाणण्याची मला फार उत्सुकता आहे.

मुठीसाठी लाकूड निवडताना पहिला विचार असा करावा, की या हत्यारावर घाव बसणार आहे की नाही. सुताराच्या पटाशीवर मोगरीचे घाव पडतात. तिला चिवट लाकूड हवे: बाभूळ, धावडा, तिवस. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीला लवचीक धामण उत्तम. कातण्याच्या पटाशीवर मात्र कोणी घाव घालीत नाही. ती हाताने पेलायची असते आणि सतत थरथर सोसायची असते. म्हणून तिला चिवटपणापेक्षा स्थिरपणा अधिक हवा, म्हणजे ऋतूनुसार कमीत कमी हलणारे लाकूड. बहुतेक जण याच ठिकाणी चुकतात आणि सापडेल ते सर्वांत कठीण लाकूड उचलतात. बाभूळ कठीण आहे, परंतु ऋतूबरोबर ती सागापेक्षा अधिक हलते. तिच्यातील टॅनिन ओल्या हवेत लोखंडाला लागून काळे पडते आणि शेपूट आतल्या आत गंजते, हा आणखी एक दोष.

माझा कौल जुन्या सागवानाला किंवा शिसवीला. पाडलेल्या वाड्याचा खांब, मोडक्या खिडकीची चौकट, जुन्या पलंगाची पट्टी यांतले सागवान पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले असते. त्याची हालचाल मंदावलेली असते आणि ते सरळ रेषांचे असते. मात्र त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. लोहचुंबक फिरविल्याशिवाय करवत लावू नये. ते न मिळाल्यास बांधावरच्या चिंचेच्या, जांभळीच्या, बोरीच्या किंवा परसातल्या पेरूच्या छाटलेल्या फांद्या चालतात. आंबा, सावर, पांगारा ही लाकडे खेळण्यांना ठीक, मुठीला नाहीत. येथे एक सूचना आवश्यक आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, ऐन, तिवस, खैर यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. मुठीला हवे असते ते हातभर लाकूड. त्यासाठी झाड पाडण्याची गरज मुळात पडत नाही.

ओल्या फांदीची मूठ करायची झाल्यास फांदी करवतीने कापण्यापेक्षा उभी फोडावी. फोडलेले लाकूड आपल्या धाग्यांच्या वाटेनेच फुटते. त्यामुळे धागे मुठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. गाभ्याचा मध्यबिंदू मुठीत मुळीच येऊ देऊ नये, कारण चिरा तेथूनच सुरू होतात. टोकांना मेण, रंग किंवा जुन्या पद्धतीप्रमाणे शेणाचा लेप द्यावा. लाकडाची टोके सर्वांत वेगाने सुकतात आणि घाईने सुकलेले टोक तडकते. हवेवर सुकविताना इंचभर जाडीला वर्षभर, असा ढोबळ ठोकताळा आहे. आमच्याकडे तो पावसाळ्यांत मोजावा लागतो: एक पावसाळा माळ्यावर काढल्याखेरीज लाकडाला हात लावायचा नाही.

मुठी घडविण्याचा योग्य काळ मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा. तेव्हा लाकडातले पाणी दोन टोकांच्या मधोमध असते. श्रावणात बसविलेली कडी वैशाखात सैल होणार आणि वैशाखात ठासून बसविलेली श्रावणात लाकूड चेपणार. मध्यावर बसविलेली दोन्हीकडे थोडी-थोडी हलते आणि निभावते. ज्यांना पंचांगापेक्षा वजनकाट्यावर अधिक विश्वास आहे, त्यांनी लाकडाचा तुकडा दर आठवड्याला तोलावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड त्या हवेशी जुळले.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळू. पुष्कळ जण आधी मूठ सुबक कातून घेतात आणि शेवटी तिला भोक पाडतात. मग भोक तिरके जाते, आणि पाते मुठीच्या रेषेत न राहता एका बाजूला पाहू लागते. क्रम उलटा हवा. आधी चौरस तुकड्याला टोकाशी भोक पाडावे, मग त्याच भोकात लेथचे टोक बसवून मूठ कातावी. अशा रीतीने भोक तिरके गेलेले असले तरी मूठ त्याच्याभोवतीच फिरते आणि आपोआप सरळ होते. इतकी साधी गोष्ट मला दोन वाकड्या मुठी केल्यावर समजली.

शेपूट निमुळते असते, म्हणून भोकही पायऱ्यांचे असावे. समजा शेपूट बारा सेंटिमीटर लांब आहे, खांद्याशी दहा आणि टोकाशी पाच मिलिमीटर जाड. तर पाच मिलिमीटरचे भोक पूर्ण खोलीपर्यंत, सात मिलिमीटरचे दोन-तृतीयांशापर्यंत आणि नऊ मिलिमीटरचे एक-तृतीयांशापर्यंत पाडावे. आधी मोठे, मग लहान अशा क्रमाने गेल्यास गिरमिट मधोमध राहते. हाताने दाबल्यावर शेपूट दीड-दोन सेंटिमीटर बाहेर उरले पाहिजे. त्याहून कमी उरले तर बसणी सैल होणार, अधिक उरले तर मूठ फुटणार.

कडीसाठी नळकामातील पितळी किंवा तांब्याच्या नळीचा तुकडा उत्तम. वेल्डची शिवण असलेली नळी टाळावी. ताण शिवणीवरच येतो. कडीची आतली कड कानशीने किंचित उतरती करावी, म्हणजे ती लाकूड खरवडीत नाही. गळा कडीच्या मापाहून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने मोठा आणि पुढे किंचित निमुळता ठेवावा. आता या लेखातली सर्वांत उपयुक्त युक्ती. कडी बसविण्यापूर्वी फक्त गळ्याचा भाग एक-दोन दिवस उबेत सुकवावा. मी खोक्यात विजेचा जुन्या पद्धतीचा दिवा लावून त्यात गळे घालून ठेवतो; चुलीजवळची राखही चालते. सुकलेला गळा आक्रसतो, कडी त्यावर मोगरीने चढते आणि नंतर हवेतले पाणी घेऊन गळा कडीत हलकेच फुगून बसतो. हीच ती ओलाव्याची ताकद, जिने माझा तळहात फाडला होता. फरक एवढाच, की लाकूड येथे कोरड्याकडून मध्याकडे येते, भिजलेल्याकडून कोरड्याकडे जात नाही.

शेपूट ठोकून बसविण्याचीही रीत आहे. पात्याची धार ओंडक्यावर टेकवून वरून मूठ बडविणे हा प्रकार धोक्याचा आणि धारेचा नाश करणारा. पाते जाड कापडात गुंडाळून हत्यार एका हाताने मधल्या हवेत खाली तोंड करून लोंबते धरावे आणि मुठीच्या बुडावर मोगरीचा घाव घालावा. घाव बसताच मूठ खाली सरकते; जड पाते जडत्वामुळे जागीच राहू पाहते; शेपूट आत शिरते. कुऱ्हाडीचा दांडा उभा धरून त्याच्या बुडावर ठोकले की पाते वर चढते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे नवे नाही.

शेपूट तापवून भोक जाळत बसविण्याची जुनी पद्धत खेड्यांत अजूनही दिसते. तिच्याने शेपटाच्या आकाराचे भोक नेमके तयार होते, हा तिचा गुण. मात्र भोकाच्या भिंतीवर कोळशाचा थर उरतो आणि थरथरीने त्याची भुकटी होते. दुसरे असे, की उष्णता पात्याकडे चढली तर पाणी दिलेल्या साध्या पोलादाची धार उतरते. दोनशे-सव्वादोनशे अंश सेल्सिअसला पोलादावर पिवळसर छटा येते, तीनशेच्या सुमारास निळी. निळी दिसली की धार गेली. तापवायचेच असेल तर पाते ओल्या फडक्यात गुंडाळावे, शेपटाने वाट तेवढी करून घ्यावी, कोळसा खरवडून काढावा आणि शेवटची बसणी थंड शेपटानेच करावी.

भोकातली उरलेली पोकळी कशाने भरावी, यावर कारागिरांत दोन तट आहेत. आपल्याकडच्या जुन्या तलवारींची मूठ पात्यावर लाखेच्या मिश्रणाने पक्की केलेली असे. लाख, तिच्यात विटेची किंवा दगडाची बारीक भुकटी, कधी राळ. लाख सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडते. मूठ बदलायची झाली की पाते तापवावे, मूठ निघून येते. अराल्डाइटसारखे आजचे चिकटद्रव्य लाखेहून बळकट आहे. परंतु एकदा बसले की मूठ फोडल्याशिवाय पाते निघत नाही. लहान पटाश्यांना मी लाखच वापरतो. मोठ्या गोल पटाशीला, जिच्यावर झटके बसतात, तिला मुकाट्याने अराल्डाइट. ते भरताना शेपटाच्या बाजूने हवा निघायला बारीक खोबण ठेवावी. नाहीतर कोंडलेली हवा पाते परत बाहेर ढकलते.

मुठीची लांबी हा शोभेचा प्रश्न नाही. पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला आठशे फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याचा काठ सेकंदाला सुमारे साडेदहा मीटर, म्हणजे ताशी ३७-३८ किलोमीटर वेगाने पटाशीसमोरून जातो. टोक रुतले की तो काठ पटाशीला खाली ओढतो आणि मूठ वर उसळते. पटाशी लेथच्या आधारपट्टीवर टेकलेली असते. ती तरफ होते. टोक पट्टीच्या पुढे अडीच सेंटिमीटर आणि हात मागे चाळीस सेंटिमीटरवर असेल, तर टोकावरचे तीस किलोचे ओझे हाताला दोन किलोपेक्षाही कमी जाणवते. तेच टोक दहा सेंटिमीटर पुढे गेले तर साडेसात किलो. आणि मूठ आखूड, हात पंधरा सेंटिमीटरवरच, तर वीस किलो! अकस्मात आलेले वीस किलो कोणाच्याही मनगटाला झेपत नाहीत. म्हणून खोल वाडगा कोरण्याच्या पटाशीला चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरची मूठ हवी. बारीक नक्षीच्या पटाशीला पंचवीस पुरे. जमिनीवर बसून, पायाच्या बोटांनी हत्यार आधाराला दाबून काम करणाऱ्या जुन्या कातारीला ही तरफ कागदावर मांडावी लागली नाही. त्याचा पायच तिचा हिशेब करीत असे.

जाडी हाताप्रमाणे ठरवावी. मूठ वळली असता अंगठा आणि तर्जनी एकमेकांना जेमतेम टेकावीत. बहुतेकांच्या बाबतीत ती बत्तीस ते अडतीस मिलिमीटर भरते. वरून चकचकीत वॉर्निश नको, घामेजल्या हातातून मूठ सटकते. जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर पुसून घेतलेले, पुरेसे आहेत. बुडाच्या आणि तोंडाच्या उघड्या टोकांवर मात्र तेल भरपूर जिरवावे. ओलावा तेथूनच शिरतो. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चिंध्यांच्या ढिगाने आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात.

एका आमिषापासून वाचकांना सावध करणे भाग आहे. जुन्या बाजारात मोडक्या कानशी अल्प दरात मिळतात आणि त्या घासून पटाशी करण्याचा मोह हौशी माणसाला होतोच. कानस अत्यंत कठीण आणि म्हणूनच ठिसूळ असते. खरवडताना झटका बसला तर ती वाकत नाही, काचेसारखी तुटते. शिवाय तिचे शेपूट हाताने घासण्याच्या कामापुरतेच बेतलेले असते. उत्तम मुठीत बसविलेली कानस ही वाईट मुठीत बसविलेल्या पटाशीइतकीच घातक. मोठ्या, रुंद गोल पटाश्यांबाबतही असेच. त्यांतल्या पुष्कळांचे शेपूट पात्याच्या मानाने अगदी पातळ असते. खांब-दांडे कातण्यास त्या योग्य, वाडगा कोरण्यास नाहीत. त्यासाठी गोल सळईतून घडविलेली पटाशी घ्यावी, जिची जाडी मुठीच्या आतपर्यंत तशीच जाते.

माझी फुटलेली मूठ मी टाकून दिली नाही. तिची लहान विळीच्या मापाची आखूड मूठ होऊ शकली. नवी मूठ जुन्या चौकटीतल्या सागाची आहे. तिच्या गळ्यावर, कडीपासून लाकडापर्यंत जाणारी एक सरळ रेघ पक्क्या शाईने ओढली आहे, आणि तशीच दुसरी पात्यापासून कडीपर्यंत. रेघ सलग असेतोवर सर्व ठीक. कडी फिरली की पहिली रेघ तुटते, पाते फिरले की दुसरी. वर्षातून दोनदा, गौरी-गणपतीच्या सुमारास आणि होळीनंतर, लेथ सुरू करण्यापूर्वी मी सगळ्या मुठी उजेडात धरून पाहतो. गेल्या होळीला एका तिरक्या पटाशीची पहिली रेघ गव्हाच्या दाण्याएवढी सरकलेली आढळली. कडी उतरविली, गळ्याला खादीच्या कापडाची एक पट्टी लाखेत बुडवून गुंडाळली, कडी गरम करून पुन्हा चढविली. ही डागडुजी आहे, हे मला ठाऊक आहे. येत्या मार्गशीर्षात तिला नवी मूठ करायची आहे. तोवर ती पटाशी खुंटीवर उलटी टांगून ठेवली आहे, चुकून हातात येऊ नये म्हणून.